पातूरची पाटी आणि मराठीचा सातबारा

अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या इमारतीवर एक पाटी आहे. वर मराठीत नगर परिषदेचे नाव आणि खाली तेच उर्दूत. एवढ्याशा गोष्टीसाठी काही वर्षे कोर्टकचेरी चालली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तक्रार अशी होती की नगर परिषदेचा कारभार मराठीतच चालायला हवा, म्हणून पाटीवर दुसरी भाषा नको. नगर परिषदेचे म्हणणे होते की १९५६ पासून येथे उर्दूचा वापर आहे आणि गावातल्या बऱ्याच लोकांना ती वाचता येते. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयीचा महाराष्ट्राचा २०२२ चा कायदा मराठीला कारभाराची भाषा ठरवतो; मराठीच्या जोडीला आणखी एखादी भाषा पाटीवर लिहू नका, असे तो कुठेही सांगत नाही, हा निकालाचा कायदेशीर गाभा. त्यापुढे जाऊन न्यायालयाने आणखी एक गोष्ट बजावली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा प्रदेशाची आणि तिथल्या माणसांची असते, आणि उर्दू याच मातीत जन्मली आहे.

निकाल वाचून आपल्यापैकी अनेकांना बरे वाटले. मलाही वाटले. मी शाळेत मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हा निकाल माझ्या फळ्यापर्यंत येऊन पोहोचतो. पण दोन-चार दिवस जी चर्चा झाली, तिच्यात एक गोष्ट खटकली. उर्दूच्या बाजूने बोलणारेही 'त्यांची भाषा त्यांना राहू द्या' अशा सुरात बोलत होते. म्हणजे मराठी एकांची, उर्दू दुसऱ्यांची, आणि मोठ्या मनाने शेजारी जागा द्यायची. हा सूर चांगल्या मनाचा आहे, पण इतिहासाला धरून नाही. ज्या मराठी ओळीखाली ती उर्दू ओळ लिहिली आहे, त्या मराठी ओळीचा स्वतःचा सातबारा एकदा काढून पाहायला हवा.

कचेरीतली मराठी

सातबारा म्हणालो, तर तिथूनच सुरुवात करू. शेतकऱ्याला तलाठ्याकडे जावे लागते. हातात 'अर्ज', त्यावर 'तारीख'. 'जमीन' कोणत्या 'तालुक्यात' आणि 'जिल्ह्यात' आहे, तिची 'हद्द' कुठे संपते, 'मालक' कोण, 'वारस' किती, कोणाचा 'हिस्सा' किती, 'महसूल' 'वसूल' झाला की 'बाकी' आहे, 'खरीप' घेतले की 'रब्बी'. अवतरणात टाकलेला प्रत्येक शब्द अरबी-फारसीतून आलेला आहे. 'गाव नमुना सात-बारा' यातला 'नमुना'सुद्धा फारसी. तरीही हे सगळे बोलणारा शेतकरी मराठीच बोलत असतो. 'तालुक्यात'मधला 'त', 'जमिनीचा'मधला 'चा', वाक्य पूर्ण करणारे क्रियापद, हे सारे मराठीचे आहे. पाहुणे शब्द मराठीच्या प्रत्ययांना लागले आणि घरचे झाले.

याच्याही पुढची पायरी जोडशब्दांत दिसते. 'साक्षी' संस्कृत, 'दार' फारसी. कोर्टात उभा राहतो तो 'साक्षीदार'. 'पंच' आपले, 'नामा' फारसी; पोलीस करतात तो 'पंचनामा'. 'खातेदार', 'भालदार', 'दरवर्षी' हे त्याच घडणीचे. 'गैरसमज' हा शब्द तर फार बोलका. 'गैर' अरबी, 'समज' इथली. दोघांना वेगळे केले तर गैरसमज हा शब्दच उरत नाही. दुर्दैवाने शब्द वेगळे केल्याने प्रत्यक्षातले गैरसमज मात्र जात नाहीत.

मुलांच्या पाठीवरचे 'दप्तर' घ्या. मराठीने ते फारसीतून घेतले, पण फारसीचेही ते मूळचे नाही. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ ग्रीकमध्ये दाखवतात. कातड्यावर लिहिण्याशी त्याचा संबंध होता. शब्दांच्या वंशावळीत मागे जात राहिले, तर शुद्ध आणि स्थानिक असे कोणतेच अंतिम गाव लागत नाही.

हे शब्द आले कसे?

यावर नेहमीचे उत्तर असते की मुसलमानी राजवट आली, तिने भाषा लादली आणि शब्द घुसले. यात काही अंशी तथ्य आहे. राजवट फारसीत हुकूम काढत होती आणि ज्यांना तिच्याशी व्यवहार करायचा होता त्यांना तिचे शब्द शिकावे लागले. पण दख्खनमध्ये गोष्ट एवढ्यावर थांबत नाही.

सोळाव्या शतकात विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशाह (कारकीर्द १५३४ ते १५५८) याने महसुली हिशेब फारसीऐवजी 'हिंदवी'त ठेवायला सांगितले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे दिले, असे इतिहासकार फिरिश्ता नोंदवतो. 'हिंदवी' म्हणजे इथल्या देशभाषा, त्यातही मराठी मुलखात मराठी, असा अर्थ बरेच अभ्यासक घेतात. आता याच शतकात उत्तरेत काय घडले ते पाहा. १५८२ मध्ये अकबराचा दिवाण राजा तोडरमल याने महसुली हिशेब फारसीत ठेवण्याचा हुकूम काढला. उत्तरेत एका हिंदू दिवाणाने दप्तरात फारसी आणली, तर दक्षिणेत एका मुसलमान सुलतानाने फारसी बाजूला ठेवून देशभाषेला जागा दिली. धर्म पाहून भाषेचा अंदाज बांधणाऱ्याची या दोन उदाहरणांत पंचाईत होते.

यामुळे एक मजेशीर परिणाम झाला. हिशेब मराठीत आला, पण पदे, कर, मोजमापे आणि कागदांचे प्रकार तेच राहिले. कुलकर्णी मोडीत मराठी वाक्य लिहू लागला आणि त्यात नामे फारसी ठेवू लागला. आदिलशाहीचे कित्येक कागद तर दुभाषी आहेत, फारसी मजकुरासोबत त्याचा मराठी मजकूर मोडीत. म्हणजे पातूरच्या पाटीवर दिसणारी दोन लिप्यांची सोबत या मुलखात चारशे वर्षांहून जुनी आहे.

या काळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट कालगणनेची आहे. हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ दिवसांचे. दरवर्षी ते सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते. पीक मात्र सूर्याकडे आणि पावसाकडे पाहून येते. सारा वसुलीची तारीख हिजरीने धरली तर काही वर्षांत शेतकऱ्याला पीक हाती येण्याआधीच सारा भरावा लागेल. म्हणून दख्खनमध्ये 'शुहूर सन' रूढ झाला. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. मराठी कागदांत ते इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस असे येतात. आणि वर्ष सुरू कधी व्हायचे? सूर्य मृग नक्षत्रात आला की. म्हणून याच सनाला लोक 'मृगसाल' म्हणत. आकडे अरबी, नक्षत्र भारतीय, आणि हेतू शेतकऱ्याच्या पेरणीचा. ऐक्याचे प्रवचन करायला कोणी बसले नव्हते. कारभार नीट चालावा म्हणून लोकांनी शोधलेली ती वाट होती. विविधतेचा खरा इतिहास बहुतेक वेळा असाच, कामाच्या गरजेतून घडलेला असतो.

संतांनी वापरलेली कचेरी

कचेरीतले शब्द कचेरीतच राहिले असते तर ते इंग्रजीतल्या एखाद्या सरकारी शब्दासारखे परके राहिले असते. ते लोकांच्या तोंडी रुळले यामागे संतांचाही वाटा आहे. पैठणचे एकनाथ (१५३३ ते १५९९) हे फार मोठे उदाहरण. त्यांनी 'अर्जदास्त' नावाचे रूपक रचले. सरकारदरबारी करायच्या अर्जाचाच साचा, तीच भाषा, पण विषय देह, जीव आणि परमार्थ. लोकांना हा साचा ओळखीचा नसता तर त्या रूपकात काहीच गंमत राहिली नसती. त्यांचा 'हिंदू-तुर्क संवाद' तर दोन धर्मांच्या माणसांचे कडाक्याचे भांडण आहे. दोघे एकमेकांच्या देवाधर्माची उणीदुणी काढतात, तुर्काच्या तोंडी दखनी भाषा आहे, आणि शेवटी दोघे एकमेकांना समजून घेतात. मला या रचनेत महत्त्वाचे वाटते ते हे की एकनाथांनी भांडण लपवले नाही. मतभेद आहेतच, ते मोकळेपणाने बोलता येतील एवढा परिचयही आहे, हे त्यांनी दाखवले.

एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीचे अधिकारी होते, असे परंपरा सांगते. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले. आणि याच चांद बोधल्यांचे शिष्य म्हणून श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचे नाव घेतले जाते. शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत लिहिला. जन्माने मुसलमान, ओवी मराठीची, परिभाषा योगाची आणि भक्तीची. त्यांच्यासारखे आणखीही होते. 'सिद्धान्तबोध' लिहिणारे शहामुनी आणि गीतेवर मराठी टीका लिहिणारे हुसेन अंबरखान ही नावे मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहेत. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात ही परंपरा एकत्र मांडली. पण आपल्या घरांतल्या किती मुलांना ती ठाऊक आहे? उर्दू शाळेतल्या मुलाला मीर-गालिब माहीत असतात, मराठी शाळेतल्या मुलाला ज्ञानेश्वर-तुकाराम. शेख महंमद या दोन्ही पुस्तकांच्या मधल्या फटीत पडतात.

राज्यव्यवहारकोश आणि पारसनीस

शिवछत्रपतींचा 'राज्यव्यवहारकोश' या चर्चेत हमखास येतो. राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास रघुनाथपंतांकडून हा कोश तयार करून घेतला गेला. कारभारातल्या सुमारे चौदाशे यावनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत आणि त्यांची विभागणी दहा वर्गांत केली आहे. पेशवा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, सरनोबत सेनापती झाला. नवे सार्वभौम राज्य स्वतःची परिभाषा घडवत होते, आणि ते समजण्यासारखे आहे. जगातल्या प्रत्येक नव्या राज्याने ते केले आहे.

याला मुसलमानविरोधी कृत्य ठरवणारे, मग ते अभिमानाने ठरवोत वा रागाने, त्याच राज्यातल्या दुसऱ्या बाजूकडे पाहत नाहीत. महाराजांच्या आरमारात दौलतखान होते. त्यांच्या पदरी काजी हैदर मुनशी होते. जिझिया कराच्या विरोधात औरंगजेबाला महाराजांच्या नावे गेलेले प्रसिद्ध पत्र फारसीत आहे, आणि ते लिहिणारे नीलप्रभू हिंदू होते. सत्तेची परिभाषा बदलायची होती; भाषा जाणणारी माणसे हाकलायची नव्हती.

आणि कोश झाला म्हणून भाषा बदलली का? 'पंतप्रधान' कागदावर राहिला, लोकांच्या तोंडी 'पेशवा'च राहिला. पुढचे सारे शतकच 'पेशवाई' म्हणून ओळखले गेले. मराठी आडनावे पाहा. फडणवीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. आणि पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. ही आडनावे आजही अभिमानाने लावली जातात, लावलीच पाहिजेत. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या फारसी पत्रव्यवहार सांभाळला गेला, त्या घराच्या दारावरची नावाची पाटी हीसुद्धा एक दुभाषी पाटीच आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हे बदल मोजण्याचा प्रयत्न केला. १६२८ च्या एका कागदात त्यांना २३६ पैकी २०२ शब्द फारसी आढळले, तर १७२८ च्या कागदात १२७ पैकी फक्त ८. शंभर वर्षांत मराठीने फारसी जवळजवळ झटकून टाकली, असा अर्थ यावरून काढला जातो. राजवाडे यांच्या व्यासंगाबद्दल आदर राखूनही एक साधी शंका घ्यावीशी वाटते. कागद कोणत्या प्रकारचा, यावर शब्द ठरतात. जमिनीच्या तंट्याचा कागद आणि घरगुती पत्र यांतली भाषा आजही सारखी नसते. पेशवेकाळातल्या पत्रांच्या तारखाच पाहा. 'छ' हे अक्षर, पुढे चंद्राचा आकडा, मग मोहरम, सफर, रबिलावल असा मुसलमानी महिना, आणि त्यापुढे शुहूर सन. ही पत्रे लिहिणारे पुण्याचे ब्राह्मण कारकून होते. अठराव्या शतकाच्या शेवटीही त्यांना ही तारीख परकी वाटत नव्हती.

दोन गावे, दोन शोध

परकेपणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने विसाव्या शतकात उभा राहिला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. दिनांक, क्रमांक, महापौर अशा अनेक शब्दांचे श्रेय त्यांना दिले जाते. हे शब्द आज मीही वापरतो, ते चांगले शब्द आहेत. नवा शब्द घडवणे ही भाषेची श्रीमंती आहे. पण नवा घडवणे आणि जुन्याला परका ठरवून घराबाहेर काढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'दिनांक' आला म्हणून 'तारीख' गेली नाही. कोर्टात आजही तारखेवर तारीखच पडते.

याच काळात माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, पुण्यात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवत होते. १९२५ मध्ये त्यांचा 'फारसी-मराठी कोश' आला. मराठीत गझल रुजवण्याचे श्रेय त्यांचे, उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या त्यांनीच. आणि हेच माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, १९३८ मध्ये त्यांनी 'भाषाशुद्धिविवेक' लिहिले. एकाच माणसात फारसीचे प्रेम आणि शुद्धीचा आग्रह, दोन्ही. त्यांना दुटप्पी म्हणणे सोपे आहे. मला मात्र त्यांच्यात त्या काळातल्या मराठी माणसाची खरी ओढाताण दिसते.

त्याच वर्षांत औरंगाबादेत मौलवी अब्दुल हक अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम पाहत होते. दखनीची जुनी हस्तलिखिते शोधून त्यांनी उर्दूचा इतिहास दक्षिणेकडून लिहायला घेतला. मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला, या विषयावर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिले. म्हणजे कोल्हापुरात एक हिंदू प्राध्यापक मराठीतली फारसी शोधत होता आणि औरंगाबादेत एक मुसलमान मौलवी तेच करत होता. दोघांची कामे एकत्र ठेवून अभ्यासणारे आपल्याकडे किती झाले?

पण औरंगाबादचे नाव घेतले की दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग, पण मराठवाड्यातल्या मराठी मुलाला, तेलंगणातल्या तेलुगू मुलाला आणि कन्नड भागातल्या मुलाला ती देशी भाषा स्वतःची वाटली नाही. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क नाकारला गेल्याची त्यांची तक्रार न्याय्य होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले त्या आनंदात भाषेचाही वाटा होता. आपण हे मोकळेपणाने मान्य केले नाही, तर आज पाटीवरच्या उर्दूसाठी न्याय मागण्याचा आपला आवाज पोकळ ठरेल. सत्तेने लादलेली भाषा आणि बाजारात, शेतात, दर्ग्याच्या उरुसात मिसळलेली भाषा यांत फरक करायला शिकले पाहिजे. तो फरक धर्माचा नाही, बळजबरीचा आहे. याच संस्थानात वाढलेल्या सेतुमाधवराव पगडींनी उर्दू-फारसीवर प्रभुत्व मिळवले आणि ती साधने मराठीत आणण्यात आयुष्य घालवले. बळजबरीचा राग त्यांनी भाषेवर काढला नाही.

उलट दिशेचे ऋण

देवाणघेवाण एकेरी नव्हती. उत्तरेतून आलेली बोली दख्खनमध्ये राहिली आणि मराठीच्या सहवासात 'दखनी' झाली. दखनी बोलणारा 'मत' म्हणत नाही, 'नक्को' म्हणतो. हा आपला 'नको'. बोलण्यावर जोर द्यायचा तर उत्तरेतला माणूस 'ही' लावतो, दखनी माणूस 'च' लावतो, 'ऐसाइच'. हा 'च' मराठीचा. एखादा शब्द उसना घेणे सोपे असते, पण नकार द्यायची आणि ठासून सांगायची पद्धतच उसनी घ्यायची तर पिढ्यान्पिढ्या शेजारी राहावे लागते. याच दख्खनच्या वलीने (१६६७ ते १७०७) दिल्लीच्या कवींना देशी भाषेत गझल लिहिण्याची वाट दाखवली. पुढे मात्र उत्तरेच्या उर्दूनेही स्वतःची शुद्धी मोहीम चालवली, देशी शब्द गावंढळ ठरवून वगळले आणि दखनीला अशुद्ध म्हटले.

हा रोग आपल्यातही आहे. घरात दखनी बोलणाऱ्या मुलाला उर्दूच्या तासाला 'नक्को' म्हटल्याबद्दल हसले जाते, आणि मराठीच्या तासाला 'ळ' नीट न आल्याबद्दल. कोकणातले मुसलमान पिढ्यान्पिढ्या घरात कोकणी-मराठी बोलत आले, तरी 'आपली भाषा उर्दूच' असे त्यांना सांगणारे आपल्यातलेच असतात. मराठी म्हणजे पास होण्यापुरता विषय, ही समजूत आपल्या कित्येक घरांत आहे. याविरुद्ध काम झालेच नाही असे नाही. शाहीर सगनभाऊंपासून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन उभ्या राहिलेल्या अमर शेखांपर्यंत, हमीद दलवाईंच्या कादंबरीपासून १९९० मध्ये सोलापुरात भरलेल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापर्यंत, 'मराठी आमचीही' हे ठणकावून सांगितले गेले आहे. दलवाईंच्या सामाजिक भूमिकांवर आपल्यात तीव्र मतभेद आहेत, राहतील. पण त्यांच्या मराठीवरचा त्यांचा हक्क कोणी नाकारू शकत नाही.

मग एवढ्याने काय होते?

एक आक्षेप मला मान्य केला पाहिजे. शब्द एकत्र नांदतात म्हणून माणसे नांदतातच असे नाही. दंगलीनंतर जळालेल्या दुकानाचा पंचनामाही याच मिश्र मराठीत लिहिला जातो. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिव्याही बहुतेक सारख्याच असतात. शब्दांची व्युत्पत्ती सांगून कोणाचा द्वेष कमी झाल्याचे मी पाहिलेले नाही. 'हम सब एक हैं' छापाच्या स्नेहमेळाव्यांवरही माझा फार विश्वास नाही.

तरीही हा इतिहास सांगायचा, कारण तो एका विशिष्ट दाव्याचे उत्तर आहे. 'तुम्ही बाहेरचे, तुमची भाषा बाहेरची, तुम्हाला इथे ठेवून घेतले आहे', हा तो दावा. सहिष्णुतेची गोड भाषासुद्धा कधीकधी हाच दावा वेगळ्या शब्दांत करते, कारण सहन करणारा मालक असतो आणि सहन केला जाणारा भाडेकरू. मराठीचे दप्तर उघडले तर त्यात असा एकच मालक सापडत नाही. सहहिस्सेदार सापडतात. हिस्सेदारांत तंटे असतात, बांधावरून भांडणे होतात, पण कोणी कोणाला 'तू आमच्या जमिनीवर कसा' असे विचारू शकत नाही. आधुनिक राज्यघटनेने नागरिक म्हणून आपल्याला जो समान दर्जा दिला, त्याला इतिहासाचा एवढा आधार पुरेसा आहे. दर्जा अर्थातच या आधारावर अवलंबून नाही. काल आलेल्या नागरिकालाही तो मिळालाच पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तिच्या प्राचीनतेचा तो गौरव आहे आणि त्याचा आनंद मराठी मुसलमानांनाही आहे. मात्र भाषेची थोरवी वयाइतकीच तिच्या कुटुंबाच्या पसाऱ्यातही असते. हा पसारा सांभाळायचा तर आता काही कामे हातात घ्यावी लागतील. पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि राज्यातल्या कित्येक घरांत मोडी कागदांचे ढीग पडून आहेत. मोडी वाचणारे थोडे, आणि मोडीतली फारसी समजणारे त्याहून थोडे. ज्याला मराठी, मोडी आणि उर्दू-फारसी असे तिन्ही येईल तो हे कागद सर्वांत चांगले वाचेल. उर्दू शाळेतून दहावी झालेल्या आणि मराठी चांगली येणाऱ्या मुलामुलींपाशी या कामाचे अर्धे भांडवल आधीच आहे. त्यांना फक्त कोणीतरी मोडी शिकवायला हवी. मराठी शाळेतल्या मुलांना उर्दू लिपी शिकवली तर तेही तिथेच पोहोचतील. लिपी शिकायला काही महिने पुरतात.

पातूरच्या पाटीचा हक्क न्यायालयाने मान्य केला. पाटीवरच्या दोन्ही ओळी वाचता येणारी मुले तयार करणे मात्र न्यायालयाच्या हातात नाही. ते काम शाळेचे आणि घराचे आहे.